खारवडीचा अळणी रविवार

खारवडीच्या पूर्वेला, जिथे शेतं संपतात आणि माळ सुरू होतो, तिथे गुडघाभर उंचीची एक काळी शिळा आहे. तिच्या माथ्यावर परातीएवढा खळगा पडलेला आहे आणि तो इतका गुळगुळीत आहे, की पहिल्यांदा आलेला पाहुणा त्यावरून हात फिरवल्याशिवाय राहत नाही. हा खळगा कशानं पडला याबद्दल पाहुण्यांत मतभेद असतात. शिकलेले पाहुणे पाणी म्हणतात, जास्त शिकलेले वारा म्हणतात. सिदू आबा मदने सगळ्यांचं ऐकून घेतात, डोक्यावरचा पटका सारखा करतात आणि म्हणतात, "जिभेनं."

सिदू आबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. नक्की किती, ते आधार कार्डालाही माहीत नाही. कार्डावर एक जानेवारी आहे, आणि त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म एक जानेवारीलाच झालेला आहे. माघातल्या शेवटच्या रविवारी ते शिळेजवळ घोंगडं टाकून बसतात. त्या दिवशी गावात एकाही घरात स्वयंपाकाला मीठ लागत नाही. पाहुण्यांना आबा एवढंच बजावतात, की जेवायला अवश्य थांबा, पण मीठ मागू नका. का मागायचं नाही, ते मग सावकाश सांगतात.

गावाच्या नावावरून जमीन खारी असणार, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं काही नाही. माती तपासायला आलेल्या दोन साहेबांना इथल्या विहिरीचं गोड पाणी पिऊन रिकाम्या हातांनी परत जावं लागलं. फार पूर्वी, म्हणे, या गावाचं नाव थोरवडी होतं. थोर कोण होतं हे आता सांगता येत नाही, पण त्या काळी गावाला ते पक्कं ठाऊक होतं. बाहेरून येऊन हद्दीत राहू पाहणाऱ्याला पारासमोर उभं राहून तीन पिढ्यांची नावं सांगावी लागत: बाप, आजा, पणजा. नावं सांगता आली तर पाणवठा मोकळा. नाही तर दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत हद्द सोडायची. सांगितलेली नावं खरी की खोटी हे तपासायचं साधन कुणाकडे नव्हतं. त्यामुळे धडाधड खोटं बोलणारे सुखानं नांदत आणि खरं बोलताना अडखळणारे हाकलले जात. त्या मानानं कारभार सुरळीत होता.

दरवर्षी सुगीनंतर धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट फिरणारा तळ, थोरवडीच्या शिवारात उतरायचा. मोकळ्या रानात मेंढ्या बसवायच्या, खत शेताला, धान्य धनगरांना, आणि मग पुढचं गाव. या वाड्यात लिंबाई नावाची एक म्हातारी होती आणि तिच्याबरोबर बारा-तेरा वर्षांची पेंढी. पेंढी तिला कडब्याच्या गंजीत, पेंढ्यांच्या मधोमध सापडली होती, म्हणून पेंढी. लिंबाई स्वतः लिंबाखाली सापडलेली. तिला उचलणारा बाभळू बाभळीच्या सावलीत सापडलेला, आणि त्याला उचलणारी गवताई गवतात. नावं ठेवताना या घराण्यानं डोक्याला फारसा ताण दिला नव्हता.

घराणं म्हटलं खरं, पण त्यातला प्रत्येक जण जन्मभर दुसरंच घराणं शोधत होता. गवताईच्या पाठीवर लाल डाग होता. नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांच्या पाठी बघत ती उभी राही आणि शिव्या खाई. बाभळू डावखुरा होता. कुठे डावखुरा म्हातारा दिसला की त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. लिंबाईच्या कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या होत्या. तिनं पन्नास वर्षं लोकांचे कान बघितले. पेंढीच्या नाकाचा शेंडा उजवीकडे कललेला होता. नव्या गावात शिरलं की ती आधी नाकं बघायची. सरळ नाकं पाहिली, बसकी पाहिली, पोपटाच्या चोचीसारखी पाहिली. उजवीकडे कललेलं एकही दिसलं नाही. चार पिढ्यांनी अशी अर्धी पृथ्वी धुंडाळली आणि प्रत्येकाच्या पदरात पडलं ते एकच माणूस: ज्यानं उचलून घेतलं होतं ते.

त्या साली माघात लिंबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. वाडा हलायच्या सकाळी ती उठायला गेली आणि तशीच खाली बसली. "ढोपरं म्हनत्यात, आमी हितंच ऱ्हातो," ती पेंढीला म्हणाली. "आता त्यांना टाकून मी एकलीच कशी जाऊ?" तिला घोड्यावर बसवून पाहिलं, तर दहा पावलांत तिचा चेहरा राखेसारखा झाला आणि उतरवावं लागलं. वाड्याला थांबून चालणार नव्हतं. मेंढ्यांना पुढचं रान गाठायचं होतं. वाड्याचा म्होरक्या म्हाकू म्हणाला, दोन दिवस कळ काढतो, तेवढ्यात काय ते बघा. बघायचं म्हणजे एकच होतं. म्हातारीला गावात छप्पर मिळवायचं, नाही तर माळावर लांडग्यांच्या भरवशावर ठेवायचं. आणि छप्पर पाहिजे तर पारासमोर उभं राहायचं.

पेंढी उभी राहिली. पारावर सुभानराव पाटील बसले होते, शेजारी दप्तर मांडून कुलकर्णी, भोवती सगळं गाव. कडेला घोंगडी पांघरून वाड्यातले धनगर.

"नाव?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"पेंढी."

"बापाचं?"

"लिंबाई."

कुलकर्ण्यांनी बोरू हवेत धरला. "बापाच्या जागी बाई कशी लिहायची?"

"मग आईच्या जागी लिवा. दोनी तीच हाय."

"आजा?"

"बाभळू. त्यानं लिंबाईला उचललं."

"पणजा?"

"गवताई. तिनं बाभळूला."

"पाटील," कुलकर्णी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ही वंशावळ नव्हे. हे कुरण आहे."

गाव पोट धरधरून हसलं. पेंढी हसणाऱ्यांची नाकं बघत उभी राहिली. सवय होती.

सुभानराव पाटील वाईट माणूस नव्हते, हे आबा मुद्दाम सांगतात. त्यांना फक्त बोलायची हौस होती, आणि समोर गाव जमलं की ती आवरत नसे. ते उठून उभे राहिले. "पोरी, उचललं म्हनून कुनी कुनाचं व्हत नसतं. त्याला रगत लागतं. मानूस खोटं बोलतो, जनावर न्हाई बोलत. मेंढीकडं बघ. परकं कोकरू आचळाला लागलं तर लाथ घालती. ज्या दिशी मेंढी परकं कोकरू आपलं म्हनून पाजंल, त्या दिशी मी तुज्या तिनी पिढ्या मानीन!"

गावानं माना डोलावल्या. कडेचे धनगर मात्र एकाएकी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. म्हाकूला ठसका लागला. पाटलांचं आयुष्य बैलांत गेलेलं. मेंढीबद्दल त्यांना भाषणापुरतं ज्ञान होतं. एका मेंढीचं कोकरू गेलं आणि एका कोकराची आई गेली, की त्या दोघांची गाठ घालून देणं हे धनगराचं दरसालचं काम, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"कवापतूर?" पेंढीनं विचारलं.

"काय कवापतूर?"

"मेंढीनं कवापतूर पाजायचं?"

बोलून तर बसले होते, आता गावादेखत मागे कसं फिरायचं? "उद्या दिस मावळंपतूर," पाटील म्हणाले. "न्हाई तर हद्द सोडायची, म्हातारीला घिऊन." कुलकर्ण्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

काम तसं साधं होतं. कोकराला मिठाच्या पाण्यानं माखायचं आणि मेंढीपुढे धरायचं. मेंढीला मिठाची हाव. ती चाटत सुटते, चाटता चाटता तिचाच वास कोकराला लागतो, आणि पुरतं चाटून झालं की तिला ते पोटचं वाटू लागतं. वाड्यात कोकरू गेलेली एक काळतोंडी मेंढी होती. लांडग्यानं आई नेलेलं एक कोकरूही होतं. नव्हतं ते मीठ. त्या साली लमाणांचे मिठाचे बैल आलेच नव्हते. वाड्यातलं उरलंसुरलं मीठ पुरचुंडीत बांधून त्यानं लिंबाईचे गुडघे शेकले होते. एरंडेलात भिजून काळी पडलेली ती पुरचुंडी मेंढीनं हुंगली, शिंकली आणि तोंड फिरवलं.

इथे आबा हमखास थांबतात. मध्यंतरी शहरातल्या कुणीतरी या गोष्टीवर गाणं रचलं आहे. त्यात पेंढी कोकराला छातीशी धरून रडते आणि मेंढी तिचे खारट अश्रू चाटते. "डोळ्यातल्या पान्यात कितीसं मीठ असतंय?" आबा विचारतात. "आन मेंढी काय कवी हाय?"

पेंढी रडली नाही. ती पाणवठ्यावर गेली. पाणी भरायची मुभा नव्हती म्हणून लांब उभी राहिली, आणि घडा घेऊन आलेल्या पहिल्या बाईला म्हणाली, "मावशी, चिमूटभर मीठ द्याल?"

त्या बाईचं नाव सारजा. "खायाला?" तिनं विचारलं.

"न्हाई. चाटवायला." आणि पेंढीनं तिला सगळं सांगून टाकलं: मेंढी, कोकरू, पाटलांची अट, लिंबाईची ढोपरं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही बाई इथून थेट पाटलांकडे गेली तर सगळंच संपलं.

सारजानं आधी घडा भरून घेतला. मग म्हणाली, "मी ह्या गावात आले तवा आठ वर्सांची व्हते. म्हायेर नदीपल्याड, तितं आता कुनी न्हाई. हितं सा वर्सं मला कुनी नावानं हाक मारली न्हाई. 'ए नवी' म्हनायची सगळी." तिनं घडा डोक्यावर घेतला. "माज्या मडक्यात मूठ न्हाई. पर चिमूट हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून थोरवडीच्या बायका माळाकडे येऊ लागल्या. कुणी शेण गोळा करायला, कुणी काटक्या वेचायला, कुणी विसरलेलं खुरपं शोधायला. एवढी खुरपी थोरवडीत एका दिवसात कधी विसरली गेली नव्हती. प्रत्येकीच्या पदराला गाठ होती. काळ्या शिळेजवळ आलं की गाठ सुटे, शिळेवरच्या सखल जागी चिमूट पडे, आणि बाई खुरपं न शोधताच घरी जाई. कुणी कुणाशी बोललं नाही. दुपारपर्यंत ओंजळभर मीठ जमलं.

सगळ्यांत शेवटी जी आली तिच्या पदराला जर होती. तिनं चिमूट आणली नव्हती, मडक्याचा तळ खरवडून आणला होता. मीठ टाकून ती क्षणभर पेंढीकडे बघत राहिली. "नाक कुनी मोडलं गं तुजं?"

"मोडलं न्हाई. असंच हाय."

"झाक हाय," म्हणून ती निघून गेली.

दिवस कलला तसं गाव माळावर जमलं. पाटील घोडीवरून आले आणि घोडीवरच बसून राहिले. म्हाकूनं शिळेवरच्या मिठात गाव यायच्या आधीच पाणी ओतून ठेवलं होतं; लांबून ते नुसतं पाणी दिसत होतं. त्यानं कोकराला त्यात उभं करून शेपटीपासून कानापर्यंत माखलं, आणि काळतोंडीला पुढे आणलं. काळतोंडीनं कोकराकडे पाहिलं आणि सरळ धडक दिली. कोकरू शिळेवरून खाली घरंगळलं. पाटलांच्या घोडीनंही मान हलवल्यासारखं वाटलं, असं सांगतात.

पेंढीनं कोकराला उचलून पुन्हा शिळेवर ठेवलं. या वेळी काळतोंडीनं मान खाली घातली आणि चाटायला लागली, पण कोकराला नव्हे, शिळेला. ती शिळाच चाटत राहिली. सूर्य बाभळींच्या शेंड्यांना टेकला, म्हणजे हातभर उरला, तरी काळतोंडी बाई आपल्या दगडच चाटतायत. लिंबाईला चार जणांनी घोंगडीत घालून आणलं होतं. ती ओरडली, "अगं रांडं, दगडाला काय पाजतीस?" तेवढ्यात कोकराचा पाय घसरला आणि त्याचा ओला कान मेंढीच्या जिभेखाली आला. जीभ थांबली. मग कानावरून फिरली. मग मानेवरून, मग पाठीवरून. काळतोंडी घशातल्या घशात असा आवाज काढू लागली, जो मेंढी फक्त आपल्या लेकराशी काढते. कोकरू लटपटत तिच्या पोटाखाली शिरलं. लाथ आली नाही. कोकराची शेपटी आधी एकदा हलली, मग भिंगरीसारखी हलू लागली. शेपटी अशी हलली की दूध आलं, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही कळतं.

"ही करणी हाय!" पाटील घोडीवरून गरजले. "कायतरी लावलंय त्याला!"

कुलकर्ण्यांनी शांतपणे दप्तर उघडलं. "मेंढी परकं कोकरू पाजेल, एवढंच लिहिलं आहे, पाटील. कसं पाजेल, याबद्दल दप्तरात काही नाही." जन्मात पहिल्यांदाच दप्तर कुणाच्या उपयोगी पडलं, असं आबा म्हणतात.

पाटील लाल झाले. "घरी जाऊन इचार करतो," म्हणाले. पेंढीला आपल्या घराच्या अंगणात थांबायला सांगितलं.

दिवस नुकताच बुडाला होता. पेंढी अंगणातल्या तुळशीजवळ उभी राहिली. दार उघडं होतं. आत पाटील पाटावर बसले, समोर ताट आलं. ताट वाढणाऱ्या बाईच्या पदराला जर होती. पेंढीनं ती जर ओळखली. तिला सगळा हिशेब एका क्षणात उमगला: थोरवडीतलं सगळं मीठ माळावर गेलं होतं, या घरातलं तर खरवडून. पाटलांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि थांबले.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. आवडाबाई चुलीकडे बघत होत्या. पाटलांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. आळीतल्या प्रत्येक घरात त्या घटकेला कुणीतरी असाच घास तोंडात धरून थांबलं होतं, कारण सगळी आळी एकाएकी गप्प झाली होती. पाटील काही मूर्ख नव्हते. कोकराला काय लावलं होतं, ते त्यांना त्या घासानं सांगितलं. आता फक्त एकच शब्द उच्चारायचा होता. मीठ मागायचं. घरात नाही म्हटल्यावर कुठे गेलं विचारायचं, आणि ती लबाडी गावासमोर मांडून पोरीला हद्दीबाहेर काढायचं. पण लबाडी करणाऱ्यांची नावं घेतली असती तर पहिलं नाव आपल्याच घरातलं निघालं असतं, आणि त्याच्यामागे थोरवडीतली यच्चयावत घरं.

पेंढीला वाटलं, संपलं. आता म्हातारीला पाठीवर घेऊन किती चालवेल, याचा ती विचार करू लागली.

पाटलांनी घास गिळला. दुसरा तुकडा मोडला. दोन भाकरी त्यांनी तशाच संपवल्या, ताट पुसून. मीठ मागितलं नाही. हात धुताना म्हणाले, "कुलकर्ण्याला सांगा, ती तीन नावं लिव्हून घे म्हनावं. आन गोठ्याशेजारची खोली सारवून घ्या. म्हातारीला थंडी बाधंल."

आवडाबाई म्हणाल्या, "दुपारीच सारवली."

तुळशीजवळ पेंढी मग मात्र रडली, हे आबांना मान्य आहे. "पर तवा मेंढी जवळ नव्हती," ते जोडतात.

लिंबाई त्या खोलीत नऊ वर्षं जगली. ढोपरं शेवटपर्यंत बरी झाली नाहीत, आणि ही गोष्ट तिनं पाटलांना रोज ऐकवली. पेंढीचं पुढे म्हाकूच्या मुलाशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा सुईण म्हणाली, नाक उजवीकडे वळलंय, तेल लावून चोळलं तर सरळ होईल. पेंढीनं तिला नाकाला हात लावू दिला नाही. ती तासभर त्या नाकाकडे बघत राहिली, असं सांगतात. जे चार पिढ्या मागे वळून शोधलं, ते असं पुढून आलं. त्यानंतर पेंढीनं कुणाची नाकं बघितली नाहीत. सापडलेली पोरं मात्र तिच्याकडे येत राहिली. सात जण तिनं वाढवले, आणि नावं त्याच पद्धतीनं ठेवली. गावाचं नाव कधी बदललं याची नोंद नाही. थोरपण हळूहळू विसरलं गेलं आणि मीठ लक्षात राहिलं.

आजही माघातल्या शेवटच्या रविवारी खारवडीच्या प्रत्येक घरातून चिमूटभर मीठ शिळेवर जातं आणि मेंढ्या ते चाटून घेतात. त्या वर्षी गावात नव्यानं आलेली माणसं, नव्या सुना, दत्तक घेतलेली लेकरं, बदली होऊन आलेले गुरुजी, ओल्या तळहातावर मीठ घेऊन रांगेत उभी राहतात. मेंढी तळहात चाटते आणि माणूस गावचा होतो. एका ग्रामसेवकाला तिनं लागोपाठ तीन वर्षं चाटलं, तरी तो बदली करून घेऊन गेला. मेंढीचा त्यात दोष नाही. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव लागतं ते लागतंच, पण गावात लेकराला कुणी 'तू कुणाचा' म्हणून विचारत नाही. 'कुणाच्या मिठाचा?' असं विचारतात, आणि लेकरू आपल्याला वाढवणाऱ्याचं नाव ठणकावून सांगतं. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं सगळीकडे भेटतात. खारवडीची माणसं न खाल्लेल्या मिठाला जागतात.

गोष्ट संपली की आबांच्या ओसरीवर पंगत बसते. भाकरी, वांग्याची भाजी, ताक, सगळं अळणी. इतकं सांगूनही दरवर्षी एक तरी पाहुणा विसरतो आणि पहिल्याच घासाला म्हणतो, "ताई, जरा मीठ..."

आबा उजवीकडे कललेल्या नाकावरून घसरलेला चष्मा बोटानं वर सरकवतात आणि पाहुण्याकडे नीट बघतात.

"पाटलानं मागितलं न्हाई," ते म्हणतात. "तुमी कोन?"